मदत हवी आहे: ईमेल गटातल्या लांबलचक सह्यांचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा गूगल ग्रुप्सवर एक ईमेल गट आहे, मी तो सांभाळते. सध्या तिथे सह्यांवरून जुंपली आहे. एक ज्येष्ठ सभासद नुसतं 'अभिनंदन!' लिहितात आणि खाली नाव, पदव्या, निवृत्तीआधीचं पद, दोन फोन नंबर, एक सुभाषित, शिवाय हिरव्या अक्षरांत 'छापण्याआधी झाडांचा विचार करा'. यूजनेटच्या (वेबच्याही आधीच्या, इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या) काळापासून नेटवर असलेल्या दुसऱ्या काकांनी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं, की सही चार ओळींचीच हवी, नियमच आहे तसा. झालं! सहीत आणखी एक सुभाषित वाढलं, तेही क्षमेवर.

चार ओळींचं खरं आहे म्हणा. ऑक्टोबर १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये, म्हणजे नेटवरच्या शिष्टाचाराच्या मार्गदर्शक टिपणात, तसा सल्ला आहे. पण ढोबळ मानाने, सक्ती नाही. तेव्हा पुष्कळजण इंटरनेटचे पैसे मिनिटावर मोजत, मोठी पत्रं खिशाला जड जात. आज ते कोण मोजतंय?

पण डायजेस्ट घेणाऱ्यांची तक्रार मला पटते. त्यात गटाची २५ पर्यंत पत्रं एकाच ईमेलमध्ये एकत्र येतात, तीच सही पुन्हा पुन्हा ओलांडत मोबाईलवर मजकूर शोधायचा म्हणजे वैताग. सही आपोआप बाजूला पडेल अशी काही सोय आहे का? आणि कोणी न दुखावता हे सांगू कसं?

प्रतिसाद १
सहीच्या वर स्वतंत्र ओळीत दोन डॅश आणि त्यांच्यापुढे एक स्पेस, हा जुना संकेत. थंडरबर्डसारखे ईमेलचे प्रोग्रॅम त्याखालचा मजकूर फिका दाखवतात आणि उत्तर देताना गाळतात. स्पेस द्यायची राहून गेली तर मात्र सही ओळखली जात नाही. (यूजनेटवर त्या एका स्पेसवरूनही लोक भांडलेत!) जीमेल हे डॅश स्वतःच घालतं, पण सेटिंगमध्ये ते काढून टाकायची खूण आहे, ती कोणी केली नाही ना ते बघा. डायजेस्टमध्ये याचा भरवसा धरू नका, तिथे सही छोटी करणं हाच उपाय.

प्रतिसाद २
ताई, गटावर नियमावली टाकलीत तर रोख कोणावर आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. आधी त्यांना फोन करा. पदव्या काढा म्हणू नका, तेवढा मान राहू द्या. फोन नंबर मात्र सगळ्या गटाला जातात, तेव्हा ते काढलेले बरे, असं सांगा. काळजीपोटी सांगितलेलं माणूस ऐकतो. चार ओळीवाल्या काकांनाही एक फोन कराच, पुढची तक्रार तुमच्याकडे, गटावर नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. फोन करते. एक राहिलंच, काहींच्या ऑफिसच्या पत्त्यावरून येणाऱ्या ईमेलखाली कायदेशीर इशाऱ्याचा लांबलचक परिच्छेद असतो, त्याचं काय?

प्रतिसाद १
तो बहुतेकदा कंपनीचा सर्व्हर चिकटवतो, पाठवणाऱ्याच्या हातात नसतो. त्यांना घरच्या पत्त्यावरून सभासद व्हायला सांगा.