बाबांच्या पायाची धमनी बंद: स्टेंट की बायपास? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतेय. वय 69, जुना मधुमेह, बिडी गेल्या महिन्यापर्यंत चालू. आम्ही पंचवटीत राहतो. वर्षभर चालताना त्यांची उजवी पोटरी भरून यायची, जरा थांबलं की बरं वाटायचं. रामकुंडापर्यंत जाऊन यायचं तरी मध्ये दोनदा ओट्यावर टेकायचे, आणि कुणी विचारलं तर गुडघ्यावर ढकलायचे.

दिवाळीत चपलेच्या पट्ट्याने बोटावर फोड आला, तो भरलाच नाही. आता टोक काळं पडलंय, नखाच्या कडेने ओलं आहे. रात्री आडवं झालं की ठणका सुरू, म्हणून पाय कॉटखाली सोडून बसतात. लटकवला की पाय लालसर, वर उचलला की पांढराफटक.

एबीआय (घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) 1.2, म्हणजे नॉर्मल आला. आम्ही खूश, पण डॉक्टर म्हणाले, मधुमेहात धमनीत कॅल्शियम साचतं, पट्टा फुगवूनही ती दबत नाही, म्हणून आकडा खोटाच चढा येतो. पायाच्या अंगठ्यातला दाब मोजला तर तो फारच कमी. सीटी अँजिओत मांडीतली धमनी लांबवर बंद, गुडघ्यामागची उघडी, त्याखालच्या तीन धमन्यांपैकी एकच घोट्यापर्यंत पोचते. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.6. हृदयाची बायपास पूर्वी झाली आहे, तेव्हा डाव्या पायाची शीर काढली होती.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांचं मत: बलून आणि स्टेंट, दोन दिवसांत घरी. मुंबईच्या व्हॅस्क्युलर सर्जनचं मत: पायाचीच शीर वापरून बायपास. दादा म्हणतो, चिरफाड नको. मला वाटतं, स्टेंट वर्षभरात पुन्हा बंद झाला तर?

नाशिकमध्ये यातून कुणी गेलंय का? आणि दोन डॉक्टर अशी उलटी मतं का देतात?

प्रतिसाद १

ताई, माझ्या सासऱ्यांचं झालंय, म्हणून लिहितो. डॉक्टर नाही, सासऱ्यांसाठी बरंच वाचलंय एवढंच.

आधी एक विचारा: उजव्या पायाच्या शिरेचं डॉपलरने (सोनोग्राफीने) मॅपिंग, म्हणजे बायपासला चालेल का याची मोजणी, झालंय का? तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. 2022 च्या बेस्ट-सीएलआय या, पायासाठी बायपास की स्टेंट-बलून हे ताडणाऱ्या चाचणीत 1830 रुग्ण होते. ज्यांची पायातली लांब शीर सलग आणि चांगली होती, त्यांच्यात पायाचा मोठा प्रसंग (घोट्याच्या वर पाय कापणं किंवा पुन्हा मोठी प्रक्रिया) किंवा मृत्यू बायपासमध्ये 42.6 टक्के, स्टेंट-बलूनमध्ये 57.4 टक्के. ज्यांच्याकडे अशी शीर नव्हती, त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही.

आता उलटं ऐका. 2023 च्या, मुख्यतः ब्रिटनमधल्या बेसिल-2 या तशाच चाचणीत गुडघ्याखालच्या धमन्या बंद असलेले 345 रुग्ण होते, आणि तिथे बलूनपासून सुरुवात केलेल्यांचं चांगलं झालं: पाय घोट्याच्या वर कापावा लागणं किंवा मृत्यू 53 टक्के, बायपासमध्ये 63. बाबांचा मोठा अडथळा मांडीत, पण खालीही एकच धमनी शिल्लक. म्हणजे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ज्याच्या हाती जे काम, तो तेच सुचवतो, हेही आहेच. आमच्याकडे दोन्ही करणाऱ्या एकाच टीमकडे गेल्यावर वाद मिटला.

किडनीचं आधीच सांगून ठेवा, अँजिओत टोचतात त्या डायमुळे (रंगद्रव्यामुळे) क्रिएटिनिन वाढू शकतं. बायपास म्हणाले तर भूल झेपेल का, त्यासाठी इको लागेलच. जिथे दाखल कराल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, फुले योजनेत काय बसतं ते.

प्रतिसाद २

ओझरहून. दोन्ही मतं ऐका, पण आठवडे घालवू नका. जखम आणि रात्रीचा ठणका म्हणजे नुसती पोटरी भरून येण्याच्या पुढची गोष्ट. लाली वर चढली, ताप आला किंवा पाय एकदम गार पडला तर थेट इमर्जन्सीत जा. आणि शेजारीपाजारी गरम पाण्याचा शेक सांगतील, अजिबात नको: मधुमेही पायाला चटका कळत नाही.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. मॅपिंग झालेलं नाही, कुणी सुचवलंही नव्हतं. उद्या सकाळी करून घेतो आहोत. डाव्या पायाची शीर गेली, आता उजव्याचीही काढली तर पुढे हृदयाला लागली तर काय, हे विचारायच्या यादीत घातलंय. काकूंनी काल शेकाची बादली आणून ठेवलीच होती, ती परत पाठवली. बिडीचं बंडल मात्र अजून उशीखाली असतं. कुणाच्या घरी सुटली असेल तर तेही लिहा, कारण डॉक्टर म्हणतात, बिडी चालू राहिली तर स्टेंट काय आणि बायपास काय, दोन्ही लवकर बंद पडतात.