मदत हवी आहे: रुबीत देवनागरी नावाचा कॉन्स्टंट कसा करायचा?

मंडळी, रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय, पोरांना दाखवायला बिलाचा छोटा प्रोग्रॅम करतोय म्हणून नावं मराठीतच ठेवली, दर = 18 लिहिलं तर मस्त चाललं, पण तोच दर डेफच्या (म्हणजे मेथडच्या) आत वापरला की अनडिफाइन्ड लोकल व्हेरिएबल, म्हणजे हे नाव इथे माहीत नाही, अशी एरर. कॉन्स्टंट (कायम ठेवायच्या किमतीचं नाव) असता तर आत दिसला असता ना, पण त्याला पहिलं अक्षर कॅपिटल लागतं आणि आपल्या लिपीत कॅपिटल कुठून आणू! नावापुढे डॉलर लावून ग्लोबल (सगळीकडे दिसणारं) केलं तर चालतं पण ते बरं दिसत नाही. पुढे एक इंग्रजी कॅपिटल चिकटवू का? की सरळ इंग्रजी नावं द्यावीत? आणि कॉन्स्टंटची व्हॅल्यू बदलली तरी नुसती वॉर्निंगच येते, मग फ्रीझ (व्हॅल्यू गोठवणारी मेथड) लावून हे बदलणं थांबतं का?