नववीतल्या मुलाला 'बनगरवाडी' वाचायला कशी लावावी?

पूर्वा_क: लेक नववीत, इंग्रजी माध्यम. सुट्टीत एक तरी मराठी कादंबरी वाच म्हणून मागे लागले आणि माडगूळकरांची 'बनगरवाडी' हातात दिली, मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या शाळामास्तरची गोष्ट. १२व्या पानावर गाडी अडली. "आई, यात काही घडतच नाही." त्यात मध्यंतरी शाळेत 'लर्निंग स्टाइल'ची चाचणी झाली आणि साहेब 'कायनेस्थेटिक' निघाले, म्हणजे करून शिकणारे. आता एकच पालुपद: "मी वाचून शिकणाऱ्यातला नाहीच." या चाचणीचा काही उपयोग करून घेता येईल का? की सरळ सिनेमा दाखवू?

रानवाट: सिनेमा आत्ता नको. अमोल पालेकरांचा आहे, १९९५चा, चांगला आहे. पण एकदा पडद्यावरचा मास्तर पाहिला की आपला आपल्याला दिसत नाही.

मुक्काम_आटपाडी: मोठ्यानं वाचा ताई. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच तालुक्यातले, माडगुळ्याचे. माणदेशी बोली डोळ्यांना अडखळवते, कानावर पडली की आपोआप कळते. पुण्यात वाढलेल्या पुतणीबरोबर मी हेच केलं. ती मास्तर, मी कारभारी, म्हणजे वाडीचा प्रमुख, जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं. फक्त कारभाऱ्याचं बोलणं घाईत उरकू नका. म्हातारा माणूस, जन्म मेंढरांमागं गेलेला.

खडू_फळा: २२ वर्षं शिकवतेय, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. तो 'कायनेस्थेटिक'चा शिक्का पुसून टाका. पॅशलर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये यावरचं संशोधन तपासलं होतं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलाला आवडतं काय, ते सांगा.

पूर्वा_क: व्यायाम! घरात पुस्तकांपेक्षा प्रोटीनचे डबे जास्त झालेत.

खडू_फळा: अहो, मग अडलंय कुठे? मास्तर वाडीला जमवून तालीम बांधतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येतो! गोष्ट औंध संस्थानातली. तिथले भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते. हे त्याला आधी सांगा, आणि विचारा की दिवसभर मेंढरांमागे चालणाऱ्यांना तालीम हवीच कशाला. बैलाच्या जागी वाडीतल्या शेकूची बायको औत ओढते, तेही चुकवू देऊ नका. तुमच्या पैलवानाला तिथे 'काही घडतंय' असं वाटेल.

रानवाट: आणि वाडीचा नकाशा काढायला लावा, पेन्सिलीनेच. माडगूळकर स्वतःही चित्रं काढायचे. शाळा, कारभाऱ्याचं घर, तालीम. शेवटी दुष्काळात माणसं वाडी सोडून जातात, तसतशी घरं खोडायची.

पूर्वा_क: (तीन आठवड्यांनी) संपली! तालमीपर्यंत मी वाचून दाखवली, पुढची त्याने स्वतः. बोलीची नक्कल एवढी चढलीय की सकाळी दूधवाल्याला "रामराम कारभारी" म्हणाला. शेकूच्या बायकोचं पान दोनदा वाचलं, पण त्यावर काही बोलला नाही. काल नकाशावर एकेक घर खोडत होता. तालमीपाशी थांबला. "माणसं गेली, पण इमारत तर तिथेच असेल ना? हिला खोडायची का?" मला उत्तर सुचलं नाही. खोडरबर तसंच कागदावर पडलंय.

मुक्काम_आटपाडी: आता दाखवा सिनेमा.