मोरेस्कीचं गाणं ऐकावं का?

खर्ज: काल अलेस्सांद्रो मोरेस्कीच्या ध्वनिमुद्रिका लावल्या, 1902 आणि 1904 साली रोममध्ये केलेल्या. कास्त्रातोचं, म्हणजे लहानपणी खच्ची केलेल्या गायकाचं, एकल गाणं म्हणून आज एवढंच शिल्लक आहे. 'आवे मारिया' अर्ध्यातच बंद केलं. आवाज फुटू नये म्हणून वयात येण्याआधी मुलाचं वृषण निकामी करायचं, आणि आपण त्यावर 'वा' म्हणायचं? मला नाही जमत. हे संगीत म्हणून ऐकूच नये.

तारसप्तक: अजिबात पटलं नाही. त्या मुलाला कुणी विचारलं नाही हे खरंच. पण पुढे वर्षानुवर्षं गळा घासला तो त्यानेच ना? स्वरयंत्र लहान मुलाचं, छाती वाढलेल्या माणसाची. त्या दमसासावर मेहनत घेऊन फारिनेल्लीसारखा नामांकित कास्त्रातो घडला. संगीतकार हँडलने 1724 साली 'जुलियो चेझारे' या ऑपेरातला सीझर सेनेसिनो या कास्त्रातोसाठी लिहिला. गाणं ऐकायचं नाही म्हटलं, तर त्यांच्या हाती उरलेलं तेवढंही आपण काढून घेतो.

खर्ज: फारिनेल्लीचं नाव सगळेच घेतात. ज्यांचा आवाज लागलाच नाही, त्यांचं काय? शरीर गेलं ते गेलंच, वर नावही नाही.

निषाद: चर्चला तुम्ही दोघंही मोकळं सोडताय. बायकांनी चर्चमध्ये गप्प राहावं, ही संत पॉलची शिकवण. म्हणून वरचे सूर गायला कास्त्रातो आणले. पोप सिक्स्टस पाचव्याने 1589 साली सेंट पीटरच्या गायकवृंदात त्यांना रीतसर जागा दिली. शस्त्रक्रियेला मात्र मनाई! मग घरचे सांगायचे, पोरगा घोड्यावरून पडला, रानडुकराने जखमी केलं. बायकांना गाऊ दिलं असतं तर एकाही पोराला सुरी लागली नसती.

तारसप्तक: शेवटचं वाक्य चुकलं. रोममध्ये बायकांना रंगमंचही बंद होता, कबूल. पण व्हेनिसच्या ऑपेरात बायका गात होत्या, तरी लोकांना नायक कास्त्रातोच हवा होता. दार चर्चने उघडलं, पैसा प्रेक्षकांनी ओतला.

निषाद: हे मान्य. तरी वरच्या सुरांसाठी मुलगेच घ्या, असा आदेश पोप पायस दहाव्याने काढला तो 1903 साली. तीनशे वर्षांनी! आणि त्यातही बायकांना जागा नाहीच.

खर्ज: आज सीझरची भूमिका काउंटरटेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष गातात, स्त्रियाही गातात. कुणाला इजा न होता. मला तेवढं पुरे.

तारसप्तक: मला नाही. पंचेचाळिशीतला मोरेस्की ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभा राहून गायला, तो कुणीतरी ऐकावं म्हणूनच. मी 'आवे मारिया' शेवटपर्यंत ऐकणार.