मदत हवी आहे: भाऊबीजेचं टेबल साधंच पण छान कसं सजवू?

नमस्कार मंडळी. भाऊबीजेला रात्री आमच्याकडे बारा जण आहेत. टेबल सहा जणांचं, म्हणून पदार्थ मांडून ठेवणार, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. पंगत नाही, आग्रह नाही. प्लास्टिकची फुलं नकोत.

डोक्यात आहे ते असं: आईची जुनी इरकल साडी घडी घालून मधोमध, त्यावर पितळी तांब्यात शेवंती आणि आंब्याचे डहाळे. बुटकंच हवं. गेल्या वर्षी उंच फुलदाणीत निशिगंध ठेवला, तर समोरचा माणूस दिसेना आणि मसालेभाताचा वास येईना. सासूबाई म्हणाल्या, "सत्कार कोणाचा आहे?"

अडचण फुलांची. सकाळी मंडईतून आणलेला झेंडू रात्रीपर्यंत मलूल होतो. ओल्या फडक्यात ठेवू की देठ पाण्यात? केळीचं पान भांड्यांखाली पसरलं तर कडा वळतात. गॅसवर जरा शेकून घेतलं तर राहील का सपाट?

आणि पणत्या! कुंभारवाड्यातून आणल्यात, पाण्यात भिजवूनही घेते, तरी तेल पाझरतंच. साडीवर डाग पडला तर आई बोलणार नाही, नुसती बघेल. खाली काय ठेवता तुम्ही?

खर्च पाचशेच्या आत हवा.