लेथ थ्री फेजची, मीटर सिंगल फेजचं. काय करावं?

भांडुपचा_टर्नर
नमस्कार मंडळी. भांडुपला बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. बंद पडलेल्या एका कारखान्यातून साडेचार फुटी लेथ (धातू कातायचं यंत्र) मिळाली. मोटर २ एचपी, ४१५ व्होल्ट, थ्री फेज. मीटर महावितरणचं, सिंगल फेज. पुढेमागे ग्राइंडरही घ्यायचाय. बाबा आटे पाडतात, त्यामुळे रिव्हर्स हवंच. बजेट १२ हजार, त्यावर एक रुपया नाही.

ड्राइव्हप्रेमी
डोळे झाकून ड्राइव्ह घे. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर. मोटर हळूहळू वेग घेते, घरातले दिवे मिचमिचत नाहीत, नॉब फिरवला की स्पीड कमीजास्त. माझा ब्रेकिंग रेझिस्टरसकट (त्याने मोटर झटकन थांबते) २२ हजारांत बसला, पण आता काम करताना पट्टा बदलावा लागत नाही.

गिरगावकर
थ्री फेज मीटर घ्या, कायमची कटकट मिटेल. आमच्याकडे बेस्टचं आहे, आजोबांच्या पिठाच्या गिरणीपासून.

भांडुपचा_टर्नर
दादा, बजेट १२ हजार आहे. आणि काका, वायरिंग, पॅनल सगळं बदलावं लागेल.

गिरगावकर
एकदाच होतो खर्च. यंत्र आयुष्यभराचं असतं.

मुलुंडची_मेघा
थ्री फेजला घरगुती दरातसुद्धा स्थिर आकार जास्त लागतो, तो दर महिन्याला भरावा लागेल. आधी बिलावरचा मंजूर भार बघा. २ एचपी म्हणजे दीड किलोवॉट, आणि मंजूर भारात घरातला गिझर-मिक्सर आधीच धरलेला असतो. बाहेरची कामं घेत असाल तर घरगुती दर चालेलच असं नाही, हेही बाबांना सांगा.

गिरगावकर
चार आटे पाडले म्हणून काय धंदा झाला का? म्हाताऱ्या माणसाला सुखाने काम करू द्या.

मुलुंडची_मेघा
काका, मी नियम सांगितला. माझ्या ओळखीत एकाला फरकाचं बिल आलंय.

सुतारपक्षी
रोटरी कन्व्हर्टर! जुनी ५ एचपीची थ्री फेज मोटर नुसती फिरत ठेवायची, कंडेन्सर लावून तिसरी फेज काढायची. त्यावर हवी तेवढी मशिनं चालवा. परदेशी व्हिडिओत लोक गॅरेजमध्ये हेच करतात. माझा रंधा त्यावरच चालतो.

कॉइल_कारागीर
थांबा जरा. मी मोटरी बांधतो, म्हणून सांगतो. परदेशी व्हिडिओतल्या मोटरी बहुतेक २३० व्होल्टच्या असतात, आपली ४१५ ची आहे. रोटरी घ्या नाहीतर सिंगल फेजचा ड्राइव्ह घ्या, बाहेर बहुधा २३० च मिळणार. ती मोटर आहे तशी स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) त्यावर लावली, तर ताकद एक तृतीयांशाच्या आसपास उरते. फिरेल, पण कट घेतला की बसेल.

४१५ ला १.७३ ने भागा, २४० येतात. म्हणजे स्टारची मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग एकापुढे एक त्रिकोणात) जोडली की ती २३० वर पूर्ण ताकदीने चालते. नेमप्लेट बघा. एवढ्या लहान मोटरी आपल्याकडे बहुधा स्टार असतात आणि बाहेर तीनच वायरी येतात. स्टारचा सांधा आत वाइंडिंगच्या टोकाला, दोऱ्याने बांधून वॉर्निशखाली दडलेला असतो. तो गरम करून सोडवायचा, सहा टोकं बाहेर काढायची. नेमप्लेटवर ४१५ डेल्टा असेल तर हे जमत नाही, मोटर नव्याने बांधावी लागते.

ड्राइव्हप्रेमी
म्हणजे ड्राइव्हच. मी तेच म्हणत होतो.

सुतारपक्षी
माझी रंध्याची मोटर डेल्टात जोडून घेतलेली आहे. रोटरीचा आवाज होतो एवढंच.

मुलुंडची_मेघा
बैठ्या चाळीत दोन भिंती शेजाऱ्यांच्या असतात हो. रात्री नऊला ५ एचपीची मोटर नुसती घुमवणार?

ड्राइव्ह घेतलात तर: ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात स्विच लावून चालू-बंद करू नका, ते ड्राइव्हच्या टर्मिनलवरूनच करा. दीड किलोवॉटचा ड्राइव्ह सिंगल फेजवरून साधारण १४ ते १६ अँपिअर ओढतो, म्हणजे भिंतीतल्या साध्या प्लगवर नको. अर्थिंग पक्कं हवं. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडायला लागला तर काढून टाकू नका, ड्राइव्हला चालणारा घ्या. मेन बंद केल्यावरही आत चार्ज राहतो, लगेच झाकण उघडू नका. आणि १०-१५ हर्ट्झवर, म्हणजे अगदी हळू, तासन् तास चालवू नका. पंखा मोटरच्याच शाफ्टवर आहे, तोही हळू होतो.

कॉइल_कारागीर
ताईंनी बरोबर सांगितलं. अजून एक, चक (जॉब पकडणारा भाग) आट्यांवर बसणारा असेल तर ड्राइव्हने झटकन ब्रेक मारू नका आणि रिव्हर्समध्ये जोराचा कट घेऊ नका. चक सुटून अंगावर येतो.

ड्राइव्हप्रेमी
लोहार चाळीच्या बाजारात बघ, चार दुकानं फिरलास तर भाव उतरतो. घे ड्राइव्ह.

भांडुपचा_टर्नर
सगळ्यांचे आभार. लेथची मोटर उघडून बघितली. तीनच वायरी, नेमप्लेट स्टारची, आणि वाइंडिंग टोकाला काळं पडलंय. कॉइलदादा, फोटो तुम्हाला पाठवला, तुम्हीही म्हणालात की सांधा उकरताना ते टिकेल याची खात्री नाही. म्हणजे वाइंडिंगही करा आणि वर ड्राइव्हही घ्या, बजेट संपलं.

बाबांशी बोललो. आम्ही २ एचपीची सिंगल फेज, कपॅसिटर-स्टार्ट (चालू होताना कंडेन्सरची मदत घेणारी) मोटर लावतोय. लेथला पुलीचे टप्पे आणि बॅक गिअर (वेग कमी करणारे) आहेत, स्पीड त्यावरच बदलेल. रिव्हर्स-फॉरवर्डचा फिरता स्विच लावू. मोटर पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरवायची नाही, हे बाबांना मान्य आहे, त्यांची सवयच तशी आहे. नागदेवीच्या बाजारात एक जुनी मोटर बघितलीय, शाफ्ट २४ मिलिमीटर, आपल्या पुलीच्या बोअरला बरोबर.

ड्राइव्हप्रेमी
चूक करतोयस. फिनिश येणार नाही, सिंगल फेजची थरथर दिसते जॉबवर.

कॉइल_कारागीर
मोटरखाली रबर घाला, पट्टा फार ताणू नका, बरीच कमी होते. चालू होताना करंट पाच-सहा पट घेते, म्हणून एमसीबी सी टाइपचा (सुरुवातीचा झटका सोसणारा) आणि लाइन मीटरपासून वेगळी ओढा. घेण्याआधी दुकानातच चालू करून सेंट्रिफ्युगल स्विचचा (वेग आल्यावर स्टार्टिंगचा कपॅसिटर तोडणारा) 'टक्' ऐका. वेग घेतल्यावर तो आवाज आला नाही तर मोटर सोडून द्या.

सुतारपक्षी
आणि ग्राइंडरचं काय?

भांडुपचा_टर्नर
तो सिंगल फेजचाच घेणार. दिवाळीनंतर.