स्पेनमध्ये सुटीचे घर घेताना इसार भरावा का? मदत हवी आहे

उंबरठा: मालागाजवळ समुद्रकिनारी एक सदनिका आम्हांला पसंत पडली आहे. किमतीच्या दहा टक्के इसार सोमवारपर्यंत भरला नाही, तर ती दुसऱ्या ग्राहकाला दिली जाईल, असे दलालाने कळवले आहे. वर्षातले काही महिने आम्ही तेथे राहू आणि एरवी ती पर्यटकांना भाड्याने देऊ. करारनामा स्पॅनिशमध्ये आहे. घर घ्यायचे हे ठरलेले आहे. पैसे पाठवावेत की नाहीत, एवढेच कृपया सांगावे.

कुंपणावरचा: एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार? घर नवे आहे की वापरलेले, कर्ज काढणार आहात का आणि आपले वास्तव्य कोणत्या देशात आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मालागा ज्या प्रदेशात येते त्या अंदालुसियात वापरलेल्या घरावर सर्वसाधारणपणे ७ टक्के हस्तांतरण कर लागतो, तर नव्या घरावर १० टक्के मूल्यवर्धित कर आणि शिवाय मुद्रांक शुल्क.

सोनेरी_ऊन: किंमत पाच लाख युरोंच्या वर असेल तर गोल्डन व्हिसासाठी, म्हणजे घरखरेदीवर मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी, अवश्य अर्ज करावा.

कुंपणावरचा: ती योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे, आणि त्याविषयी कोणी विचारलेलेही नाही.

पाऊलवाट: आलिकान्तेजवळचे आमचे घर आम्ही वकिलाशिवाय घेतले. तेथील नोटरी सरकारमान्य असतो आणि सर्व कागदपत्रे तोच तपासतो. वकिलाचा खर्च मला तरी अनाठायी वाटतो.

तळटीप: पाऊलवाट यांच्याशी मी सहमत नाही. मालकी आणि नोंदवलेला बोजा नोटरी पाहतो हे खरे, परंतु गच्चीवर परवानगीशिवाय बांधलेली खोली पाहायला तो घरी येत नाही. शिवाय तो येतो खरेदीखताच्या वेळी, आणि इसार त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. इमारतीच्या मालकसंघाची चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची थकबाकी त्या घरावरच राहते. ती नसल्याचा दाखला विक्रेत्याने द्यायचा असतो. पण घाईत असलेले खरेदीदार त्यातून त्याला सूट देऊन मोकळे होतात.

पाऊलवाट: आम्हांला तरी कसलीही अडचण आली नाही.

उंबरठा: घर वापरलेले आहे, कर्ज नको आहे, आम्ही जर्मनीत राहतो आणि पारपत्र भारतीय आहे. विक्रेते बहुधा इंग्लंडमध्ये असतात. यामुळे इसाराच्या प्रश्नात काय फरक पडतो?

तळटीप: पुष्कळ फरक पडतो. विक्रेता स्पेनचा करनिवासी (म्हणजे करासाठी तेथील रहिवासी मानला जाणारा) नसेल, तर किमतीतील ३ टक्के रक्कम खरेदीदारानेच कापून एका महिन्याच्या आत तेथील करखात्यात भरावी लागते. ही कपात करारनाम्यात आताच लिहून घ्यावी. आपला वार्षिक कर पारपत्रावर नव्हे, तर करनिवासावर ठरेल. घर स्वतःसाठी राखलेल्या काळापुरते त्याच्या शासकीय मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के उत्पन्न गृहीत धरले जाते आणि जर्मनीतील रहिवाशाला त्यावर १९ टक्के कर पडतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना साधारणतः २४ टक्के. जर्मनीच्या निवास परवान्यावर स्पेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही, हेही "काही महिने" ठरवताना मोजून पाहावे.

कुंपणावरचा: खरी अडचण भाड्याची आहे. ३ एप्रिल २०२५ पासून पर्यटकांना घर देण्याचा व्यवसाय नव्याने सुरू करण्यासाठी इमारतीतील तीन पंचमांश मालकांची संमती लागते, आणि त्यांचा मालकीहिस्साही तेवढाच असावा लागतो. ती मिळाली नाही, तर भाड्याचा बेत संपला. इसार मात्र अडकलेला राहील. म्हणून आहे त्या मसुद्यावर सोमवारी पैसे पाठवू नयेत. आधी मालकसंघाचे नियम आणि सभांची इतिवृत्ते मागवावीत, आणि संमती नसल्यास इसार परत मिळेल असे कलम घालून घ्यावे. करारात नागरी संहितेच्या कलम १४५४ चा स्पष्ट उल्लेख आहे का, तेही पाहावे. तो असेल तर आपण माघार घेतल्यास इसार बुडतो आणि विक्रेत्याने घेतल्यास त्याला दुप्पट परत करावा लागतो. तसे लिहिलेले नसेल, तर माघारीचा हक्कच राहत नाही आणि विक्रेता व्यवहार पूर्ण करण्याची मागणी न्यायालयात करू शकतो.

उंबरठा: दलाल म्हणतो की हा त्यांचा नेहमीचा मसुदा आहे आणि त्यात बदल होत नाहीत. नोंदणी कार्यालयाचा उतारा मात्र त्याने पाठवला आहे.

तळटीप: उतारा किती जुना आहे, त्यावर मालक म्हणून कोणाकोणाची नावे आहेत, आणि करारनाम्यावर त्या सर्वांच्या सह्या होणार आहेत का?